नको म्हणण्याची तालीम

यवतमाळ, ७ मे २०२६

ती. इंदुआत्यास,
सुरभीचा नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. तुला फोनवर नुसती घरघर ऐकू येते आणि मोबाईलवरची अक्षरं बघून तुझं डोकं उठतं, म्हणून आख्ख्या दवाखान्यात टपालाने घरचं पत्र येणारी मी एकटीच उरले आहे. वॉचमन पाकीट हातात देताना माझ्याकडे काळजीने बघतो. त्याला वाटतं, माझ्यावर कोर्टात केस चालू आहे.

तू विचारलंस की माझं नवं काम म्हणजे जाड माणसांना उपाशी ठेवायचं का. तसं नाही. वजन इतकं वाढलंय की शुगर, गुडघे, झोपेतला श्वास सगळंच बिघडलंय, अशा लोकांचं पोट लहान करायचं ऑपरेशन नागपूरला होतं. त्याची तयारी इथे आमच्या दवाखान्यात करून घेतात आणि त्यातला जेवणाचा वर्ग माझ्याकडे आहे. दर बुधवारी वरच्या हॉलमध्ये सात-आठ जण येतात. ऑपरेशननंतर पोट लहानशा वाटीएवढं राहतं, त्यामुळे हळू चावायचं, जेवताना पाणी प्यायचं नाही, आधी डाळ-अंडं आणि मग भाकर, हे सगळं आधीच अंगवळणी पडावं लागतं. ज्याला ते जमलं त्याच्याबद्दल मी ‘तयार आहे’ असा अभिप्राय देते. माझा अभिप्राय नसेल तर मोठे डॉक्टर ऑपरेशन करत नाहीत. तेव्हा तुझी भाची आता मोठी असामी झाली आहे.

वर्गाची सुरुवात एकाच प्रश्नाने होते. काल काय खाल्लं? खरं सांगायचं. कोणी हसायचं नाही आणि इथलं बोलणं दाराबाहेर न्यायचं नाही, हा पहिल्या दिवशीच घातलेला नियम. त्यामुळे लोक खरंच सांगतात गं. बोरी अरबच्या लीलाबाई म्हणाल्या, "दोन भाकरी खाल्ल्या. मंग पोरीच्या ताटात उरलेली एक खाल्ली, ते मोजाची का?" नुजहत म्हणून एक शिवणकाम करणारी आहे, ती शिलाई मशीनच्या खणात नानखटाई ठेवते. बॉबिनच्या डब्यात. नवऱ्याला वाटतं, बायको फार मन लावून शिवते.

आपल्याकडे माणूस एकटा जाड होत नाही, त्याला चारचौघं मिळून जाड करतात. म्हणून मी नको म्हणायची तालीम सुरू केली. पुठ्ठ्याची जिलबी कापून रंगवली आहे. लीलाबाई सासू होतात, ताट घेऊन फिरतात आणि बाकीच्यांनी नको म्हणायचं. लीलाबाई असा आग्रह करतात की मलाच घ्यावीशी वाटते. आता आमच्या वर्गाचं रत्न सांगते. बाभुळगावचे एक गृहस्थ आहेत, चाळिशीचे, कृषी केंद्र आहे त्यांचं. नाव नाही सांगत. लीलाबाईंनी ताट पुढे केलं की ते कपाळ पुसतात आणि म्हणतात, "बरं, एकच." दर वेळी. काल तर त्यांनी ती पुठ्ठ्याची जिलबी उचलून खिशात घातली, लीलाबाईंना वाईट वाटू नये म्हणून. मी त्यांचं नाव मनातल्या मनात ‘बरं-एकच’ ठेवलं आहे.

बायको तुमच्या दिग्रसची आहे त्यांची. धोंड्याचा महिना तोंडावर आलाय आणि सासरी जावयाचं जेवण ठरलंय. ऑपरेशनचं सासरी कोणालाच माहीत नाही. नुसता विषय निघाला तरी बिचाऱ्यांना घाम फुटतो.

दवाखान्याचं हे असं कुणाला सांगायचं नसतं, पण तू घरचीच.

तुझी,
सुरभी

•

दिग्रस, १३ मे २०२६

चि. सुरभी,
अनेक आशीर्वाद.

किती दिवसांनी इतकी हसले. डोळ्यांना पदर लावावा लागला. ती जिलबी खिशात घातली ते तर मी दोनदा वाचलं.

रविवारपासून महिना लागतो. मला गल्लीतल्या चार घरचे अनारसे करून द्यायचे आहेत, त्यामुळे दुपारी माझ्या ओसरीवर बायकांचा मेळा असतो. त्यांनाही तुझं पत्र थोडं वाचून दाखवलं. सगळ्यांचे चष्मे घरी राहतात आणि माझे डोळे तेवढे अजून धड आहेत. नाव कुणाचं नाहीच तर वाचायला काय हरकत? त्या तर म्हणतात, तुमची भाची पेपरात काहून लिहत नाही.

तुझे ते बाभुळगावचे कृषी केंद्रवाले जवाई म्हणजे… जाऊ दे, मला काय करायचंय. पण सांग, ऑपरेशन कधी आहे त्यांचं? धोंडे खाल्ले तर काही वाईट होतं का? आणि मग त्यांना चालतं तरी काय? माणसाला पानावर बसवून उपाशी तर उठवता येत नाही. मला आपलं वाटतं म्हणून विचारते.

लवकर लिही. बायका रोज विचारतात.

तुझी,
आत्या

•

यवतमाळ, २१ मे २०२६

ती. आत्या,
नमस्कार.

ओसरीवर वाचू नकोस असं मी म्हणायला हवं. पण तुझ्या बायका हसल्या हे वाचून मला बरं वाटलं, खरंच सांगते. दिवसभर इथे प्रोटीन आणि शुगरच्या आकड्यांत बोलते. माझं बोलणं कुणाला आवडतं हे विसरूनच गेले होते.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. ऑपरेशन अकरा जूनला. त्याआधी दोन आठवडे जवळपास सगळं पातळच घ्यायचं. ताक, मुगाचं गाळलेलं पाणी, प्रोटीनची पावडर घातलेलं दूध. लिव्हरवर चरबी चढून ते फुगलेलं असतं, ते या खाण्याने आकसतं, नाहीतर डॉक्टरांना आत हात घालायला जागा मिळत नाही. तेव्हा धोंडे खाल्ले तर वाईटच. आणि त्यांचं जेवण नेमकं एकतीस तारखेला आहे. म्हणून काल पूर्ण तास मी त्यांच्यासाठीच ठेवला. "आई, माझं ऑपरेशन आहे, मला आज चालत नाही," एवढंच म्हणायचं. लीलाबाई सासू झाल्या. गृहस्थ उभे राहिले, "आई," म्हणाले आणि थांबले. पुन्हा "आई," म्हणाले. तिसऱ्यांदा लीलाबाईच म्हणाल्या, "आता बसा बापू, भूक लागली असंन."

आणखी एक सांगते. आमच्या इथला वजनकाटा एकशे पन्नासच्या पुढे जात नाही. मोठा काटा यायच्या आधी यांचं वजन कसं करायचं हा प्रश्न होता. तर हे एका कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावर जाऊन आले, पहाटे, माणसं यायच्या आत. गाठी मोजतात त्या काट्यावर. वर्गात त्यांनी हे सांगितलं तेव्हा सगळे खाली बघत होते. मीही खाली बघत होते. पण आत्या, माझं मन किती वाईट आहे बघ, त्या दिवशीच्या कापसाच्या भावाने यांचे किती झाले असते याचा हिशोब मी करत होते.

पुरे आता. हे मात्र खरंच वाचून दाखवू नकोस.

तुझी,
सुरभी

•

दिग्रस, २ जून २०२६

चि. सुरभी,
आशीर्वाद.

तुला काही सांगायचं आहे. कालपासून लिहायला बसते आणि उठते.

बाभुळगावला कृषी केंद्र असलेला दिग्रसचा जवाई एकच आहे. आमच्या मागच्या गल्लीतल्या विमलताईंचा, दिपालीचा नवरा, इंद्रजीतराव. मी पहिल्याच पत्राला ओळखलं होतं. तुला लिहिलं नाही, तू लिहिणं बंद करशील म्हणून. तुझं दुसरं पत्र मी मनातच वाचायला घेतलं होतं. पण बायका बसल्या होत्या, त्या म्हणाल्या वाचा, मी वाचलं. माझा आवाज किती मोठा जातो हे मला कळत नाही, हे तुला माहीत आहे. विमलताईंचा पुतण्या कपिल समोरच्या दुकानात बसला होता.

विमलताईंना मात्र मी मुद्दाम जाऊन सांगितलं, आणि चांगल्यासाठी सांगितलं. आधीच त्या माणसाच्या तोंडून नको निघत नाही. सासू ताटात वाढत राहील आणि तो खात राहील, मग ऑपरेशनचं काय? विमलताई रडल्या. "मले काहून नाही सांगतलं त्यायनं? मी का परकी हावो?" असं म्हणाल्या. मग आम्ही दोघींनी ठरवलं की जवायाला लाज वाटायला नको, आपणच सगळं तयार ठेवू. मूग मीच गाळले, दोनदा.

एकतीस तारखेला चांगली तीस माणसं होती. इंद्रजीतराव नवे कपडे घालून आले होते. पाट, रांगोळी, तांब्याच्या ताटात अनारसे, दिवा, सगळं यथासांग. सगळ्यांची पानं वाढून झाली. यांच्या पानात काही नव्हतं. मग विमलताई चांदीची वाटी घेऊन आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "जवाईबापू, लाजू नका. मले तुमचं आप्रेशनचं समदं समजलं. मुगाचं पाणी केलं तुमच्यासाठी." किती मायेने म्हणाल्या त्या, मी बघत होते. तेवढ्यात तो कपिल काहीतरी म्हणाला आणि पंगत हसली. मला ऐकू आलं नाही. नंतर बायकांनी सांगितलं. तो म्हणाला होता, "भाऊजी, काट्यावर भाव काय लागला?"

इंद्रजीतराव उभे राहिले. त्यांचे ओठ हलले, काहीतरी बरंच बोलले. तेही मला ऐकू आलं नाही. मग त्यांनी सासूच्या पायाला हात लावला आणि गाडीत जाऊन बसले. दिपाली त्यांच्यामागे रडत गेली. विमलताई वाटी हातात घेऊन तशाच उभ्या होत्या.

मला रात्री झोप नाही. माझं काही चुकलं का, सुरभी? चुकलं असेल तर तू सांग.

तुझी,
आत्या

•

यवतमाळ, ४ जून २०२६

आत्या,

चुकलं का म्हणून मलाच विचारतेस? वाचू नको असं लिहिलं होतं मी. स्पष्ट लिहिलं होतं.

एवढं लिहून तासभर थांबले. मग आठवलं की त्याच्या वरच्याच ओळीत मी कापसाच्या भावाचं लिहिलं होतं. कपिलने काही नवं केलं नाही. तो विनोद माझा होता. तू फक्त मोठ्याने वाचलास.

काल बुधवार होता. ते आले नाहीत. त्यांच्यासाठी भिंतीपाशी बिनहाताची रुंद खुर्ची ठेवलेली असते. लीलाबाईंनी ती आल्या आल्या पुसून ठेवली आणि जाताना पुन्हा जागेवर सरकवली. मी तीनदा फोन लावला, उचलला नाही. तेव्हा मला वाटलं, धोंडे खाल्ले असतील आणि तोंड लपवत असतील. खरंच असं वाटलं मला, आणि थोडा रागही आला होता.

आज सकाळी तुझं पत्र आलं. वॉचमनच्या समोरच उघडलं. मग वर हॉलमध्ये जाऊन बसले, कारण खाली कुणाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. मला लाज वाटते आहे. आपण चुकलो म्हणून वाटते तेवढीच नाही. ती दोन पत्रं लिहिताना मला किती मजा आली होती, त्याची वाटते. वाक्य जमलं की मी ते पुन्हा वाचत होते.

आणि पुढचं ऐक. दुपारी मोठ्या डॉक्टरांचा फोन आला, की अकरा तारखेच्या पेशंटचा शेवटचा वर्ग झाला का, अभिप्राय अजून आला नाही. मी म्हणाले, "पेशंट आले नाहीत, सर. कारण माहीत नाही." तुझं पत्र तेव्हा माझ्या पर्समध्ये होतं. डॉक्टर म्हणाले, मग तारीख पुढे ढकलू, आता सप्टेंबरशिवाय जमणार नाही. मी बरं म्हणून फोन ठेवला. त्या माणसाचा झोपेत श्वास अडकतो, आत्या. बायको रात्र रात्र जागी राहून त्यांना हलवते. हे मला माहीत आहे, वर्गातच सांगितलं होतं त्यांनी.

माझी पत्रं जाळून टाक. कुणाशी काही बोलू नकोस. माझं मी बघते.

सुरभी

•

दिग्रस, ६ जून २०२६

चि. सुरभी,
आशीर्वाद.

पत्रं जाळली नाहीत. तुझं पत्र काल संध्याकाळी माझ्या हातात पडलं आणि मी आज सकाळच्या बसने निघाले. यवतमाळला उतरले होते, पण तुझ्याकडे आले नाही. तू जाऊ दिलं नसतंस. तिथून बाभुळगावची गाडी धरली.

दुकानात ही गर्दी होती. पेरणी तोंडावर, सगळे बियाण्याच्या पिशव्यांसाठी उभे. इंद्रजीतरावांनी मला ओळखलं, खुर्ची दिली. मला वाटलं आपण हळूच बोलतोय. मी म्हणाले, मी इंदुताई, तुमच्या पोटाच्या ऑपरेशनचं विमलताईंना मीच सांगितलं, त्या दवाखान्यातल्या पोरीची मी आत्या, आम्हाला माफ करा. मग पाहिलं तर सगळं दुकान माझ्याकडे वळून बघत होतं. एका म्हाताऱ्याने तर जवळ येऊन विचारलं, "कायचं आप्रेशन हो?" जे दिग्रसला झालं होतं तेच मी बाभुळगावला करून बसले.

त्यांनी मला आत गोदामात नेलं. पंखा लावला, पाणी दिलं. मी पिशवीतून तुझी ती पहिली दोन पत्रं काढली. का नेली होती कोण जाणे, आपण जे केलं ते लपवायचं नाही असं काहीतरी डोक्यात होतं. त्यांनी हात पुढे केला आणि मी देऊन टाकली. खताच्या पोत्यांना टेकून उभ्यानेच वाचली त्यांनी. दोन्ही वाचली. एका ठिकाणी थोडे हसले. मग नाही हसले.

नंतर त्यांनी ती खिशात ठेवली आणि मला गाडीवरून बसस्टँडवर सोडलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. उतरताना पिशवीसुद्धा त्यांनीच धरली.

माझ्यावर ओरडायचं असेल तर ओरड. कागदावरचं मला ऐकू येतं.

तुझी,
आत्या

•

बाभुळगाव, ७ जून २०२६

सुरभी मॅडम यांस,
स. न. वि. वि.

तुमची दोन्ही पत्रं वाचली. तुम्ही छान लिहिता. लीलाबाईंच्या भाकरीचं वाचून मलाही हसू आलं, हे कबूल करतो. मग माझ्याबद्दलचं आलं.

ती जिलबी मी खिशात का घातली ते तुम्हाला चुकीचं वाटलं, म्हणून सांगतो. ती मी घरी नेली. रात्री सगळे झोपले की आरशापुढे ठेवायचो आणि नको म्हणायचो. वर्गात जमत नव्हतं, कारण लीलाबाईंचा आवाज माझ्या आईसारखा आहे आणि तिला जाऊन फार दिवस झाले नाहीत. घरी हळूहळू जमायला लागलं. दिपाली एकदा उठली, तिने बघितलं, तिने पण मदत केली.

एकतीस तारखेला माझं वाक्य तयार होतं. सासूबाईंना आधी कळवू का असं दिपालीने विचारलं, मी नको म्हटलं. तेही पहिल्यांदाच. मी तिला सांगितलं की पानावर बसलो की मीच बोलेन, सगळ्यांसमोर. "आई, अकरा तारखेला माझं ऑपरेशन आहे. तुमच्या हातचं मला फार आवडतं, पण आज चालत नाही. रागवू नका." एवढंच होतं. गाडीत येताना पाठ म्हणत आलो.

मग वाटी आली. कपिल जे बोलला ते बोलला. मी उभा राहिलो आणि माझं वाक्य पूर्ण म्हटलं, एक शब्द न गाळता. पण सगळ्यांना आधीच माहीत असलेलं मी सांगत होतो आणि ते आधीच हसत होते. तुमच्या आत्यांना ऐकू आलं नाही असं त्या म्हणाल्या. कोणालाच ऐकू आलं नाही, मॅडम. त्यांचा राग धरू नका. त्यांनी मूग गाळले होते. त्या मला उपाशी ठेवायला निघाल्या नव्हत्या.

काट्याचं मी फक्त त्या हॉलमध्ये सांगितलं होतं. दिपालीलासुद्धा सांगितलं नव्हतं. तिला ते पंगतीत कळलं.

पातळ खाणं मी मोडलेलं नाही, त्या दिवशीही नाही. बुधवारी आलो नाही कारण त्या खोलीत बसणं जमलं नसतं. आता नागपूरहून फोन आला, की कारण न देता वर्ग सोडला म्हणून तारीख पुढे गेली. कारण तुम्हाला माहीत होतं, आत्यांनी तुम्हाला कळवलं होतं. ते तुम्ही डॉक्टरांना सांगा. तुमची माफी मला नको. मला माझी तारीख पाहिजे.

पत्रं परत करत नाही. ती माझ्याबद्दल आहेत, माझ्याकडेच राहू द्या.

आपला,
इंद्रजीत

•

यवतमाळ, ८ जून २०२६

श्री. इंद्रजीतराव यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र सकाळी दवाखान्याच्या खिडकीत ठेवलेलं मिळालं. दहा वाजता मोठ्या डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. मी पत्रांत काय लिहिलं, ते कुठे वाचलं गेलं, तुम्ही का आला नाहीत आणि चार तारखेला मी त्यांच्याशी खोटं बोलले, तेही. कापसाच्या भावाचं वाक्य त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. मी म्हटलं.

तुमची तारीख अकरा जूनच राहिली आहे. दहा तारखेला नागपूरच्या आहारतज्ज्ञ बाई तुम्हाला तपासतील, त्यामुळे माझ्याकडे यायची गरज नाही. माझा अभिप्राय सोबत जोडला आहे. त्यात ‘पूर्ण तयार आहेत’ असं लिहिलं आहे, कारण तुम्ही आहात. तो मला आधीच देता आला असता.

तुम्ही माफी नको म्हणालात, म्हणून मागत नाही.

सुरभी

•

यवतमाळ, १८ जून २०२६

ती. आत्या,
नमस्कार.

तुझ्यावर ओरडायला मला तोंड नाही. उशिरा लिहिते आहे, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं.

गेल्या आठवड्यात मी वर्गाला स्वतःच सांगितलं. नियम मी घातला होता आणि मीच मोडला, इंद्रजीतराव त्यामुळे येत नाहीत. मग नुजहतने विचारलं, "माझ्याबद्दल पन लिहिलं होतं?" मी हो म्हटलं. "काय लिहिलं?" तिच्या डोळ्यांकडे बघून मला ते सांगावं लागलं, नानखटाईचं, बॉबिनच्या डब्याचं आणि नवऱ्याचंही. कागदावर ते किती गमतीचं होतं. तोंडाने म्हणताना त्यात गंमत कुठेच सापडेना. तिने विचारलं, "हसले लोक?" मी पुन्हा हो म्हटलं. तिने पर्सची चेन लावली आणि तास संपेपर्यंत पर्स मांडीवर धरून बसली.

काल सगळे आले. कुणी वर्ग सोडला नाही, सोडून कुठे जातील, ऑपरेशन सगळ्यांना हवं आहे. डॉक्टरांनी आता माझ्यासोबत एक वयस्क सिस्टर बसवल्या आहेत. त्या बसतात ते बरंच आहे. मी नेहमीसारखं विचारलं, काल काय खाल्लं? नुजहत म्हणाली, "एक रोटी, दाल, काकडी." पलीकडचे काका म्हणाले, वाटीभर वरण, एक भाकर, ताक. पुढचे म्हणाले, वाटीभर वरण, एक भाकर, ताक. लीलाबाईसुद्धा तेच म्हणाल्या. माझ्याच तक्त्यातलं, त्याच क्रमाने, भिंतीवर लावलाय तो. मी सगळ्यांचं लिहून घेतलं आणि छान म्हटलं. आत्या, यापुढे मला त्या खोलीत कोणी खरं सांगणार नाही. खोटं खाणं सांगून माणूस टेबलावर गेला तर त्याच्या जिवाला धोका असतो, आणि आता मला ते ओळखायला काही साधन नाही. चूक माझी आहे आणि भोगतील ते, हे मला दिवसभर टोचत राहतं. दिवसातून किती वेळा तरी वाटतं, ही नोकरी सोडावी. मग वाटतं, सोडून गेले तर ते फक्त माझ्या सोयीचं होईल.

इंद्रजीतरावांनी मला काही कळवलं नाही. कळवतील असं मी धरलंही नव्हतं. पण काल सगळे गेल्यावर लीलाबाई जिन्यापाशी रेंगाळल्या. सिस्टर खाली गेल्याचं बघून परत आत आल्या आणि म्हणाल्या, "झालं त्याचं आप्रेशन. चमच्या चमच्यानं पाणी पिऊन राह्यला म्हणे. मॅडमले सांगू नका म्हणे तो. पण तुमचं तोंड पाहून मले राहवत नाही."

मी त्यांना तिथेच थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. खुर्ची ओढून बसले आणि सगळं ऐकलं. विमलताई नागपूरला गेल्या होत्या, दवाखान्यात, आणि सासू-जावयात काहीतरी झालं. लीलाबाईंनी ते रंगवून सांगितलं. ऐकताना मला हसू आलं, मग रडू आलं, आणि घरी येताना रिक्षात त्याची वाक्यं माझ्या डोक्यात आपोआप जुळायला लागली. पहिलं वाक्य तर इतकं चांगलं जमलं होतं की तू ते दोनदा वाचलं असतंस.

ते मी तुला लिहिणार नाही.

तुझी,
सुरभी